घरचा सीएनसी राउटर बनवताय? आधी टेबल धरा, मोटरी नंतर

सीएनसी राउटर म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड-एमडीएफ कापणारं, कोरणारं मशीन. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, कंट्रोलर (मोटरींना हुकूम देणारं कार्ड) कुठला घेऊ. अहो कंट्रोलर उद्यापण बदलता येतो, पण वेल्डिंग झालेली वाकडी फ्रेम सरळ करायला गेलं की नवीन फ्रेमएवढा खर्च होतो. म्हणून जास्त पैसे आणि जास्त वेळ लोखंडात घाला.

आधी साइज ठरवा. पहिल्या मशीनला 600 बाय 600 एमएमचं काम निघालं तरी नेमप्लेट, देव्हाऱ्याची जाळी, एमडीएफचे डिझाइन सगळं होतं. मोह होतो 4 बाय 8 फुटाचा, पण गॅन्ट्री, म्हणजे टेबलावरून पुढेमागे सरकणारा आडवा पूल, कापणारं बिट त्यावरच असतं, तिची लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोराला ती आठपट वाकते, मग पाइपपण त्याच हिशोबाने जाड लागतो.

आता अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल की एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप? व्हिडिओत सगळीकडे अ‍ॅल्युमिनियमच दिसतं, दिसायला छान, नुसते बोल्ट मारायचे. पण आपल्या सोलापुरात मशीन बहुतेक पत्र्याच्या शेडमध्ये असतं, आणि एप्रिल-मेमध्ये पहाटे आणि दुपारी तिथं 20 डिग्रीचा फरक सहज पडतो. एवढ्यात 1 मीटर अ‍ॅल्युमिनियम साधारण 0.46 एमएम वाढतं आणि स्टील 0.24. लिनियर रेल (ज्यावरून गॅन्ट्री सरकते ती पट्टी) स्टीलची, खाली फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे दोघांची ओढाताण. एमएस पाइपवर रेल बसवली की दोन्ही बरोबरच वाढतात. शिवाय पाइप गावात मिळतो आणि वेल्डर गल्लीत.

बेसला 80 बाय 40 चालेल, गॅन्ट्रीला मात्र 100 बाय 100 चा, 4 एमएम जाडीचा चौरस पाइप घ्या. फॅब्रिकेशनवाला विचारणारच, "मालक, एवढ्या जाड पाइपचं काय करालाव?" पण ऐकू नका. 15 एमएम रेलचे बोल्ट एम4 असतात, 4 एमएम जाडीत त्याचे पाचेक आटे बसतात, 2 एमएमच्या पाइपात आटे लगेच मरतात. आणि चौरस पाइप पिळायला कठीण, बिट मटेरियलमध्ये घुसलं की गॅन्ट्रीला पीळच बसत असतो.

वेल्डरला स्पष्ट सांगा, गेटचं काम नाही हे. आधी सगळीकडे नुसते टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके) मारायचे, दोन्ही कर्ण टेपने मोजायचे, सारखे आले की मगच एकदा या कोपऱ्यात थोडं, एकदा समोरच्या कोपऱ्यात थोडं असं वेल्डिंग करायचं, मधे गार होऊ द्यायचं. एवढं करूनही फ्रेम थोडी ओढली जातेच. म्हणून वेल्डिंग संपल्यावर रेल बसायच्या जागा मिलिंग करून घ्या, एमआयडीसीत मोठं मशीन असलेला जॉबवर्कवाला एका सेटिंगमध्ये दोन्ही बाजू काढून देतो. वेल्डिंगच्या आधी मिलिंग केलं तर ते पैसे पाण्यात.

रेल बसवताना एक आधी पक्की करा, दुसरी ढिली ठेवा, गॅन्ट्री या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने फिरवत दुसरीचे बोल्ट आवळत जा. कुठं जड लागली तर तिथं थांबा, तिथं रेल समांतर नाही.

बाकीचं पटकन सांगतो. नेमा 23 साइजच्या स्टेपर मोटरी, 1605 बॉलस्क्रू (16 एमएम जाड, 5 एमएम पिचचा, मोटर फिरली की गॅन्ट्री सरकवणारा स्क्रू), 36 व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), कंट्रोलर म्हणून अर्डुइनो उनो बोर्डावर जीआरबीएल हे फुकटचं सॉफ्टवेअर. मोटर एका फेऱ्याला 200 स्टेप, मायक्रोस्टेप 8 (एका स्टेपचे 8 भाग), म्हणजे 1600, स्क्रूचा पिच 5, म्हणून एका एमएमला 320 स्टेप. हा आकडा जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये एक्स आणि वाय (आडवं आणि पुढेमागे) दोन्हीला टाका, आणि झेडला (वरखाली) तोच स्क्रू असेल तर तिथंपण. सुरुवातीला स्पिंडलऐवजी (बिट फिरवणारी खास मोटर) सुताराचा साधा ट्रिम राउटर लावला तरी चालतं. पुढे व्हीएफडीवाला (स्पिंडलचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) स्पिंडल घेतलात तर केबल शील्डवाली आणि अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेलं पाहिजे, नाहीतर लिमिट स्विच (गॅन्ट्री टोकाला पोचली की मशीन थांबवणारे) स्वतःच्या मनाने ट्रिप होतात. इमर्जन्सी स्विच हाताशी ठेवा, बेडच्या पलीकडे नको.

शेजारी लूम चालत असतील तर बॉलस्क्रूच्या ग्रीसवर सुताचा कचरा बसतो आणि त्याची गुठळी होते, रेक्झिनचा पडदा शिवून घ्या.

वर 18 एमएमचा एमडीएफ टाका आणि मशीननेच तो एकदा वरून घासून सपाट करा, पावसाळ्यात फुगला की परत. मग 500 एमएमचा चौकोन कापून त्याचे कर्ण मोजा, 1 एमएमचा जरी फरक असला तरी गॅन्ट्री तिरकी आहे, ती गुण्यात आणा.

पहिला कट 6 एमएमच्या दोन धारी बिटने, 18000 आरपीएम, फीड (बिट पुढे सरकायचा वेग) मिनिटाला 1800 एमएम, खोली 3 एमएम. भीतीने फीड 300 वर ठेवलं तर बिट कापत नाही, घासतं, एमडीएफ काळा पडतो आणि धूर निघतो. मास्क घाला, ती धूळ फार बारीक असते, आणि हातमोजे घालून फिरत्या बिटजवळ अजिबात जाऊ नका.