भरपाईची फाइल पहिल्या दिवसापासून

गुन्ह्यात नुकसान सोसलेल्याला पैसे दोन खिशांतून मिळू शकतात. पहिला आरोपीचा: दोष सिद्ध झाल्यावर कोर्ट दंडातून, किंवा दंड नसेल तर वेगळी रक्कम ठरवून, भरपाई द्यायला लावतं. हे कलम 395. दुसरा सरकारचा: विधी सेवा प्राधिकरण (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) चौकशी करून रक्कम देतं. हे कलम 396. दोन्ही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली. 1 जुलै 2024 आधीपासून चालू असलेल्या खटल्यात त्यांच्या जागी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली कलमं 357 आणि 357अ लागतात, त्यामुळे अर्ज टाइप करण्याआधी आपला खटला कुठल्या कायद्याखाली चाललाय ते बघून घ्या. बहुतेक जण निकालापर्यंत थांबतात आणि तिथेच फसतात. जे बिल रेकॉर्डवरच नाही, त्याचे पैसे कोर्ट कशाच्या आधारावर देणार?

सुरुवात एफआयआरच्या प्रतीपासून. ती फुकट मिळते, आणि फिर्याद दुसऱ्या कुणी दिली असली तरी पीडितालाही मिळते. मृताचे कायदेशीर वारसही कायद्याने ‘पीडित’च. प्रत हातात आल्या आल्या नाव, वय, पत्ता तपासा. एफआयआरवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, अशी तफावत तेव्हा कुणाला खुपत नाही. पैसे खात्यात जमा व्हायची वेळ आली की तिच्यावरच घोडं अडतं. लग्नाचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र आत्ताच जोडून ठेवा.

हॉस्पिटलचे कागद सांभाळणं हे खरं काम. सायन, केईएम, कूपर, कुठेही नेलं असो, एमएलसी नंबर (पोलीस केस म्हणून हॉस्पिटलने केलेल्या नोंदीचा क्रमांक) लिहून घ्या. पुढे पोलिसांचे आणि डॉक्टरांचे कागद त्याच नंबरावर जुळतात. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बाहेरून आणलेल्या औषधांच्या पावत्या, रिक्षा-टॅक्सीचा खर्च तारखेवार लावा. मेडिकलवाल्याची मशीनमधून निघालेली गुळगुळीत पावती काही महिन्यांत पांढरीफटक होते. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, तिच्यावर रुग्णाचं नाव लिहा आणि मूळ पावती मागे टाचा. बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्यात खासगी हॉस्पिटललाही प्रथमोपचार आणि उपचार मोफत द्यावे लागतात (कलम 397). तिथे डिपॉझिट मागितलं तर ती मागणी लेखी द्यायला सांगा.

बुडालेली मजुरी दाखवायची तर नोकरदाराला पगारपत्रक आणि रजेचा दाखला पुरतो. नाक्यावरच्या कामगाराकडे किंवा गाडीवाल्याकडे यातलं काहीच नसतं. त्यांनी घटनेआधीच्या सहा महिन्यांचं आणि नंतरचं बँक स्टेटमेंट काढावं. यूपीआयच्या नोंदी थांबल्या की काम थांबल्याचं आपोआप दिसतं.

आता हे कागद रेकॉर्डवर आणायचे. यादीसह एक संच तपास अधिकाऱ्याला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. तोंडी ‘साहेबांकडे दिलंय’ याला अर्थ नाही. चार्जशीट गेलं असेल तर पुरवणी चार्जशीटसोबत पाठवा म्हणून लेखी विनंती करा. चार्जशीटची प्रत पीडितालाही मिळते, पण वकील लावलेला असेल तर, म्हणून वकीलपत्र लवकर दाखल करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100. हा वकील कोर्टाच्या परवानगीने सरकारी वकिलाला साहाय्य करतो. खटला मात्र सरकारी वकीलच चालवतात. त्यामुळे साक्षीआधी त्यांना भेटून कुठली बिलं पुराव्यात घ्यायची ते सांगा आणि साक्षीनंतर त्यांवर निशाणी क्रमांक (कोर्टाने पुरावा म्हणून दिलेला नंबर) पडला का ते पाहा.

सरकारी योजनेचा अर्ज खटल्यासाठी अडवून ठेवू नका. आरोपी सापडला किंवा ओळखला गेला नाही आणि खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडिताला थेट अर्ज करता येतो. प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असते आणि अंतरिम मदत त्याआधीही देता येते. मुंबईत शहर आणि उपनगर अशी दोन जिल्हा प्राधिकरणं आहेत: माहीम-सायनपर्यंत शहर, वांद्रे-कुर्ल्यापासून पुढे उपनगर. अर्जासोबत एफआयआर, वैद्यकीय कागद, ओळखपत्र, पासबुक आणि मृत्यू झाला असेल तर मृत्यूचा दाखला व अवलंबितांची माहिती लावा. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे. पॉक्सोत (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) तर विशेष न्यायालय एफआयआरनंतर केव्हाही अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकतं. ॲसिड हल्ल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान 3 लाख ठरवलेत, त्यातला 1 लाख 15 दिवसांत.

निकालाच्या आधी एक पानी अर्ज तयार हवा: उपचार, बुडालेली कमाई, पुढचा खर्च, प्रत्येकाची रक्कम वेगळी. आरोपीची नोकरी, दुकान, गाडी यांची माहितीही लिहा, कारण त्याची ऐपत बघूनच आकडा ठरतो. भरपाईचा विचार करणं आणि कारणं नोंदवणं हे प्रत्येक फौजदारी खटल्यात कोर्टाचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात म्हटलंय. अर्जात त्याचा उल्लेख करा. आरोपी सुटला तरी हात हलवत परतू नका. पुनर्वसनाची गरज असेल तर कोर्ट प्राधिकरणाकडे शिफारस करू शकतं. ती त्याच दिवशी मागा आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, ती आली का ते बघा. रक्कम तुटपुंजी वाटली तर कलम 413 खाली पीडिताला अपील करता येतं.

अपघाताची भरपाई मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे मागायची. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार, वेगळ्या योजनेतून. चोरीची चेन, मोबाइल परत मिळवणं हाही भरपाईचा भाग नाही. त्यासाठी मुद्देमाल परतीचा अर्ज कोर्टात स्वतंत्र द्यावा लागतो, खरेदीच्या पावतीसह.

दंडातून मिळायचे पैसे अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झालं तर त्याच्या निकालापर्यंत, हातात येत नाहीत. भरपाई न भरल्याबद्दल आरोपीने जास्तीची कैद भोगली म्हणून ती फिटत नाही. आदेशाची प्रमाणित नक्कल घेऊन वसुलीचा अर्ज त्याच कोर्टात टाका.