संशोधनग्रंथाचं परीक्षण लिहिताना

मराठवाड्याच्या इतिहासावरचा नवा ग्रंथ हाती आला की प्रस्तावनेआधी तळटीपा वाचा. निजामकाळातले उर्दू-फारसी कागद लेखकानं मुळातून पाहिलेत की दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेत, ते तिथंच कळतं. पाच-सहा तळटीपा मूळ पानाशी ताडून बघा.

सनावळी हमखास चुकते. फसली सन म्हणजे निजामाच्या राज्यातली महसुली कालगणना; त्यावरून इसवी सन काढताना महिन्यानुसार 590 किंवा 591 मिळवायचे असतात. फसली 1357 ऑक्टोबर 1947 मध्ये सुरू झालं. सप्टेंबर 1948 ची हैदराबाद संस्थानावरची पोलीस कारवाई त्यातलीच. सरसकट 590 धरले की ती एक वर्ष मागे जाते!

लेखकाचा मुख्य दावा त्यालाही पटेल असा मांडा, मग मतभेद पानाच्या क्रमांकासह. सारांश एक तृतीयांशात आटपा. ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’ खोडा. शब्दसूची नसेल तर तेही स्पष्ट नोंदवा.