मुदत संपली तरी भाडेकरू जागा सोडत नाही: मुंबईतील घरमालकाने काय करावे

मुंबईत घर देणारा सर्रास 'भाडेकरू' म्हणतो, पण कागदावर तो माणूस बहुधा परवानाधारक (लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा) असतो आणि पुढचे सगळे या फरकावर ठरते. पागडीच्या (सुरुवातीला एकरकमी मोठी रक्कम देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या) खोलीतील भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण असते. थकबाकीवरून त्याच्याविरुद्ध दावा लावायचा तरी आधी लेखी मागणीची नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते. लिव्ह अँड लायसन्सवर आलेल्याला मात्र केवळ ठरलेल्या मुदतीपुरती राहण्याची परवानगी असते. पुढील विवेचन या दुसऱ्या प्रकाराचे आहे.

किल्ली देण्यापूर्वी कराराची नोंदणी करावी. याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार ही जबाबदारी मालकाची असून, ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खरा फटका वेगळाच आहे: नोंदणी नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. 'ओळखीतला आहे, नोटरीवर भागेल' असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे, कारण मुंबईत नोंदणी शुल्क अवघे १,००० रुपये आहे. त्याच दिवशी ओटा, नळ, गिझर यांची छायाचित्रे काढून आणि विजेच्या मीटरचे रीडिंग लिहून त्याखाली दोघांच्या सह्या घ्याव्यात, तसेच पोलिसांना माहिती दिल्याची पोच जपून ठेवावी. दोन महिन्यांचे डिपॉझिट मला अपुरे वाटते, कारण तंटा उभा राहिला की ते थकलेल्या भाड्यातच संपते.

भाडे थकले की पहिल्याच महिन्यात लेखी विचारणा करावी. फोनवरच्या 'पुढच्या आठवड्यात नक्की देतो' या आश्वासनाचा पुढे काहीही उपयोग होत नाही. मुदत संपण्यापूर्वी महिनाभर आधी, नूतनीकरण करायचे नसल्याचे पत्र पोचपावतीसह पाठवावे. मुदतीनंतरही तो खात्यात रक्कम भरत राहिला, तर ती भाडे म्हणून नव्हे, तर नुकसानभरपाईपोटी आणि आपले हक्क राखून स्वीकारत असल्याचे लगेच लेखी कळवावे.

तरीही तो हलला नाही, तर त्याच अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा. येथे लेखी करार त्यातील मजकुरापुरता निर्णायक पुरावा मानला जातो, आणि मुदतीनंतर राहणाऱ्यावर ठरलेल्या परवाना शुल्काच्या (म्हणजे बोलण्यातल्या भाड्याच्या) दुप्पट दराने नुकसानभरपाईची जबाबदारी येते. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत त्याने प्रतिज्ञापत्र देऊन अर्ज लढवण्याची परवानगी मागावी लागते; ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य समजून जागा रिकामी करण्याचा आदेश निघतो. म्हणूनच समन्स नीट बजावले जाईल याकडे वकिलावर न सोडता स्वतः लक्ष द्यावे. हा मार्ग राहत्या घरांसाठी आहे. दुकान किंवा गाळा असेल, तर लघुवाद न्यायालयात जावे लागते.

या काळात मालकाचा संयम सुटतो आणि चूक तिथेच होते. माझ्या मावशीने दहिसरच्या घरात मुदत उलटून दोन महिने झाल्यावर प्लंबरकडून पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून घेतला. तिसऱ्या दिवशी राहणाऱ्याने कोरड्या नळाखाली ठेवलेल्या रिकाम्या बादल्यांचा फोटो जोडून तक्रार केली आणि तोवर फिर्यादी असलेली मावशी खुलासे देत बसली. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ नुसार पाणी-वीज यांसारख्या आवश्यक सेवा तोडता येत नाहीत. कुलूप बदलणे तर त्याहून महागात पडते: विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा लावू शकतो आणि त्यात घर मालकीचे आहे हा बचाव चालत नाही.

अनेक प्रकरणे आदेशापूर्वीच तडजोडीने मिटतात. त्या वेळी सगळा व्यवहार एकाच बैठकीत, त्या घरातच करावा: आधी मीटरचे रीडिंग आणि छायाचित्रांशी पडताळणी, मग ताबा परत दिल्याच्या पत्रावर सही, मग सगळ्या किल्ल्या, आणि त्यानंतरच उरलेल्या डिपॉझिटचा चेक.