फोनचा कॅमेरा तपासताय? या चुका टाळा

नवा फोन हातात आला की सगळे एकच करतात, कॅमेरा उघडायचा, समोर जे असेल त्याचा एक फोटो काढायचा, बोटांनी मोठा करून बघायचा आणि "भारी आहे की" म्हणून मोकळं व्हायचं. पण भरपूर उजेडात न हलणाऱ्या वस्तूचा फोटो आता जवळपास कुठलाही फोन बरा काढतो, त्यावरून काहीच कळत नाही. माझं मत विचाराल तर एक फोटो किती सुंदर आला ते सोडा, दहा काढले तर त्यातले किती डिलीट करावे लागले ते मोजा.

मेगापिक्सेलचं तर विचारूच नका. २०० मेगापिक्सेलचा फोन साध्या सेटिंगवर बहुतेक वेळा शेजारचे १६ पिक्सेल मिळून एक करतो आणि तुम्हाला मिळतो १२.५ मेगापिक्सेलचा फोटो, आणि ५० वाल्या फोनमध्ये चाराचा एक होतो म्हणजे तिथेही १२.५च. फोरके टीव्हीची अख्खी स्क्रीन भरायला साधारण ८.३ मेगापिक्सेल पुरतात हो! त्यापेक्षा सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपचा आकार बघा, तो १/१.३ इंच, १/२.७६ इंच असा लिहिलेला असतो आणि इथे बरेच जण फसतात, कारण खालचा आकडा जितका छोटा तितका सेन्सर मोठा. या दोघांच्या क्षेत्रफळात चौपटीहून जास्त फरक आहे, आणि कमी उजेडात तो लगेच दिसतो.

मागे कॅमेरे किती हे मोजणं पण तसंच. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळच्या फोटोसाठी) आणि २ मेगापिक्सेलचा डेप्थ (मागचं धूसर करण्यासाठी) असले कॅमेरे फक्त संख्या वाढवायला असतात असं माझं स्पष्ट मत, एक चांगला मेन कॅमेरा आणि जास्त रुंद दृश्य घेणारा बरा अल्ट्रावाइड असेल तर रोजचं काम निघतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हलणारी माणसं. घरात ट्यूबलाइटच्या उजेडात पळणाऱ्या मुलाचे किंवा शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याचे पाठोपाठ फोटो काढा, इथे भलेभले फोन गळपटतात. उजेड कमी पडला की फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, मग चेहरा पुसल्यासारखा येतो. ओआयएस, म्हणजे हललेली लेन्स सावरणारी सोय, आहे ना मग काय टेन्शन, असं काही जण म्हणतात, पण ओआयएस तुमच्या हाताचा थरथराट सांभाळतं, समोरचा माणूस हलला तर ते काही करू शकत नाही. नाईट मोडचंही तेच, तो एकामागून एक बऱ्याच फ्रेम घेऊन जोडतो, इमारतीला छान, नाचणाऱ्या पोरांना बेकार. आणि बटण दाबल्यावर फोटो नेमका कधी निघतो तेही बघा, काही फोन इतका वेळ लावतात की हसू येऊन गेलेलं असतं.

झूमसाठी एक सोपी युक्ती. संध्याकाळी घरात ३एक्स किंवा ५एक्स लावा आणि मागच्या टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही तर समजा की फोन टेलिफोटो वापरतच नाहीये, मेन कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करून दाखवतोय. अंधारात बरेच फोन हे गुपचूप करतात.

फोटो त्याच फोनच्या स्क्रीनवर बघून निकाल देऊ नका, चकचकीत ओलेड स्क्रीनवर सगळंच छान दिसतं. दोन फोनची तुलना करायची तर एकाच जागी, एकाच वेळी फोटो काढा आणि दोन्ही तिसऱ्याच स्क्रीनवर बघा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवू नका, तिथे फोटो दाबून छोटा केला जातो, मग दोष कॅमेऱ्याचा की व्हॉट्सअ‍ॅपचा ते कळणार कसं? डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर केबलने घ्या. जाहिरातीतल्या नमुन्यांवर तर बिलकुल जाऊ नका, २०१२ मध्ये नोकियाने लुमिया ९२० च्या जाहिरातीत दुसऱ्याच कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओ दाखवला होता आणि नंतर माफी मागावी लागली होती.

फोन खराब निघाला असं ठरवायच्या आधी या गोष्टी बघा. फोटो धुरकट येतोय, दिव्यांभोवती रेघा पसरतायत, तर आधी लेन्स मऊ कापडाने पुसा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात, त्यानेही नाही गेलं तर लेन्सवर चिकटवलेली प्रोटेक्टर काच काढून बघा. जवळून कागदाचा फोटो घेतला आणि कडा पुसट आल्या तर फोन थोडा मागे घेऊन २एक्सवर काढा, मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला फार जवळचं नीट जमत नाही. सेल्फीत चेहरा मेणाचा दिसतोय? ब्युटी मोड आधीपासून चालू असेल, बंद करा.

व्हिडिओ मात्र लोक तपासायलाच विसरतात. चालता चालता एखाद मिनिट शूट करा, मध्येच झूम बदला, लेन्स बदलताना रंग उडी मारतो का बघा, आणि मग इयरफोन लावून ऐका, वाऱ्याच्या घरघरीत बोलणं कळतंय का ते.