चेकरबोर्डऐवजी पट्टे येतायत? नेस्टेड लूपमधल्या या चुका टाळा

ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या नाशकात बुद्धिबळाचा पट मुलांच्या ओळखीचा असतो. तरी प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलला ‘नेस्टेड लूपने, म्हणजे एका लूपच्या आत दुसरा लूप लिहून, ८ × ८ चा पट काढा’ म्हटलं की बऱ्याच जणांच्या स्क्रीनवर पट न येता उभे पट्टे येतात.

याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. एक व्हेरिएबल घ्यायचं आणि प्रत्येक घर रंगवून झालं की ते उलटं करायचं: ० (पांढरं) चा १ (काळं), १ चा ०. वाचताना हे अगदी बरोबर वाटतं. पण ओळीत घरं आठ. आठ वेळा उलटलं की व्हेरिएबल परत ० वर येतं आणि पुढची ओळही पांढऱ्यानेच सुरू होते. हाच कोड ७ × ७ ला बिनचूक चालतो, म्हणून चूक लवकर सापडत नाही. एकदा सम आणि एकदा विषम आकड्यावर प्रोग्राम चालवून बघाच.

घराचा रंग आधीच्या घरावरून नको, त्याच्या स्वतःच्या जागेवरून ठरवा. रो (ओळ) आणि कॉलमच्या क्रमांकांची बेरीज करा, २ ने भागा. बाकी ० आली तर पांढरं, १ आली तर काळं. मोजणी शून्यापासून असल्याने तिसऱ्या ओळीतलं चौथं घर म्हणजे २ + ३ = ५, बाकी १, काळं. नुसता कॉलम भागलात तर पुन्हा पट्टेच.

समजा बाहेरचा लूप ‘आय’ने ओळी मोजतो आणि आतला ‘जे’ने कॉलम. आतला लूप बाहेरच्याची कॉपी-पेस्ट असेल तर आधी त्याची पहिली ओळ तपासा. तिथे ‘जे प्लस प्लस’ (जे एकने वाढवा) ऐवजी ‘आय प्लस प्लस’ राहिलं असेल तर ‘जे’ वाढतच नाही आणि प्रोग्राम थांबत नाही. ‘८ पेक्षा कमी’च्या जागी ‘८ किंवा कमी’ लिहिलं तर नववी ओळ येते.

कॅनव्हासवर (चित्र काढायच्या जागेवर) घराचा एक्स, म्हणजे आडवं अंतर, कॉलमवरून काढा; वाय, म्हणजे उभं अंतर, रोवरून. उलट झालं तरी ८ × ८ वर काहीच कळत नाही. ५ ओळी आणि ८ कॉलम घ्या, आडवा पट उभा झालेला लगेच दिसेल.

पायथनच्या टर्टलमध्ये (चित्रं काढायच्या मॉड्यूलमध्ये) वाय वरच्या दिशेने वाढतो. तिथे हाच फॉर्म्युला खालच्या डाव्या कोपऱ्यापासून लावला तर त्या कोपऱ्यात पांढरं घर येतं. बुद्धिबळात पांढरं घर खेळाडूच्या उजव्या हाताला लागतं, तेव्हा तिथे दोन्ही रंगांची अदलाबदल करा.