डिझेल शिकून आलो आणि हातात कार्बोरेटर पडला

आयटीआयला मी डिझेल मेकॅनिक केलं. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर डिझेलला नसतो. त्यामुळे मालवणला काकांच्या शेडमध्ये पहिल्याच दिवशी १५ एचपीचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बसवायचं इंजिन, पुढ्यात आलं आणि "कार्बोरेटर साफ कर" असं फर्मान सुटलं, तेव्हा मी आधी तो कुठे आहे तेच शोधत होतो. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी लिहितोय. तुमचे चार जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे, तरी वाचतील.

आमचा हंगाम जुलैच्या शेवटी. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, आणि १ ऑगस्टला सगळ्यांना इंजिन चालू हवं. दोन महिने कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत पडून राहिलेलं पेट्रोल उडून जातं, मागे पिवळसर चिकट थर उरतो. तो नेमका स्लो जेटच्या, म्हणजे रेस सोडल्यावर पेट्रोल देणाऱ्या जेटच्या, सुईएवढ्या भोकात बसतो. म्हणून तक्रारही ठरलेली: रेस दिली की पळतं, सोडली की बंद, चोक ओढून ठेवला तरच जिवंत.

पण लगेच पाना घेऊ नका. काकांचं पहिलं वाक्य होतं, "झिला, आधी पेट्रोल बघ, मगे पान्याक हात लाव." वाटीच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या ग्लासात घ्यायचं आणि पाच मिनिटं तसंच ठेवायचं. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पाणी आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल ओल ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाला जातात. जुन्या रबरी नळ्याही त्याने मऊ पडतात. आतून सुटलेला चुरा मी कार्बोरेटरमध्ये काढलाय. टाकी आणि नळी तशीच ठेवून नुसता कार्बोरेटर धुतलात तर आठवड्यात इंजिन परत दारात. नळीवरचा पेट्रोल ढकलायचा रबरी बल्ब दाबून बघा, तो कडक होत नसेल तर हवा कुठून तरी शिरतेय. प्लगची ठिणगीही बघून घ्या.

हे सगळं ठीक असेल तर मग खोला. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा, लिंकेजचा, म्हणजे रेसच्या सळ्या आणि जोडांचा, तर हमखास. जपानी इंजिनांचे फुली स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने घसरतात, कारण त्यांची खाच वेगळी असते. खाऱ्या हवेने आधीच जाम झालेला स्क्रू एकदा गोल झाला की दुपार गेली. जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर पहिल्या पगारातून घ्या.

मिक्श्चर स्क्रू पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवतो. काढण्याआधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते मोजून भिंतीवर लिहा. भिंतीवरच, कागद तेलात जातो. जोरात आवळलात तर टोकाला वळ पडतो, मग ट्युनिंग कधीच बसत नाही.

माझी चूक जेटची. भोक बंद होतं, मी वायरची तार घातली आणि खरवडलं. उजेडात धरलं, छान गोल दिसलं, खूशही झालो. काकांनी हातात घेतलं. "भोक मोठा केलंस तू. आता ह्या जेट खिशात घालून घराक जा." जेटचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चालतं, एक ओरखडाही चालत नाही. क्लीनरमध्ये भिजवायचं, मग कॉम्प्रेसरची हवा, जेटमधून आणि बॉडीतल्या प्रत्येक वाटेतून. रबरी ओ-रिंग आणि प्लास्टिकचा फ्लोट (वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) मात्र क्लीनरमध्ये टाकू नका. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडणार आणि वाटी उतू जाणार. फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणाऱ्या नीडलच्या टोकावर गोल खाच दिसली तर नवीन बसवा.

ट्युनिंग कोरड्यावर कधीच करू नका. इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या इंपेलरचं रबर पाण्याशिवाय बघता बघता जळतं. ड्रममध्ये चालू करा, पाण्याची धार येतेय ना बघा, आणि चांगलं गरम होऊ द्या. मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवा. कुठल्या बाजूला पेट्रोल वाढतं ते प्रत्येक इंजिनाचं वेगळं, मॅन्युअल बघा. पेट्रोल कमी पडलं की इंजिन कार्बोरेटरमधून शिंकतं. जास्त झालं की धूर, घरघर आणि ओला काळा प्लग. सगळ्यात स्मूथ जिथे वाटेल तिथून किंचित पेट्रोलच्या बाजूला सोडा. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलसोबतच येतं, ५०:१ असेल तर लिटरला २० मिली. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. शेवटची सेटिंग खाडीत, गिअर टाकून; ड्रममध्ये इंजिन स्वतःचाच धूर परत ओढतं आणि तुम्हाला फसवतं. फुल रेसला दम लागत असेल तर हा स्क्रू पिळून उपयोग नाही, तिथे मेन जेटचं राज्य.

बंदीआधीच्या शेवटच्या फेरीनंतर पेट्रोलची नळी काढून इंजिन पाण्यातच आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं, तर वाटी जवळपास रिकामी होते. उरलेलं ड्रेन स्क्रूने काढायचं. हे मी मे महिन्यात प्रत्येक होडीवाल्याला सांगतो. जुलैत तेच लोक तीच तक्रार घेऊन येतात, आणि शेडचं भाडं निघतं.