वर्गात हस्तकला घ्यायला जाताय? आधी वाळण्याचा हिशेब करा

पोळा आठवड्यावर आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मुलांचा तान्हा पोळा असतो. वर्गाच्या ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला, 'तान्ह्या पोळ्यासाठी मुलांकडून बैल करून घ्यायला कुणी पालक येऊ शकतील का? शुक्रवारचा शेवटचा तास देते.' मी दुसऱ्याच मिनिटाला 'मी येते' लिहिलं. लेक तेव्हा दुसरीत होती. वर्गात 42 मुलं आणि तास 35 मिनिटांचा. त्या शुक्रवारला आता तीन वर्षं झाली. त्यानंतर मी सात वेळा वर्गात हस्तकला घेतली. बहुतेक वेळा ती छान झाली, तरी आदल्या रात्री मला अजून नीट झोप लागत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्या आईबाबांवर तशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

कात्र्या बोथट टोकाच्या हव्यात, सामान चार मुलांचं जास्तीचं न्यायचं, बाकांवर जुने पेपर अंथरायचे, मॅडमना नमुना आधी दाखवायचा, हे सगळं तुम्हाला माहीत असेल. मलाही माहीत होतं आणि मी ते सगळं केलं होतं. इतवारीच्या बाजारात जाऊन रंगीत कार्डशीट आणले, झुलीसाठी चमकीचा कागद, शिंगांसाठी सोनेरी बेगड आणली. दोन रात्री जागून बैलाच्या दोन्ही अंगांचे 42 जोड कापले. नमुन्याचा बैल इतका देखणा झाला होता, की सासूबाईंनी तो देवाजवळ ठेवला.

वर्गात काय झालं ते सांगते. मुलांनी बैलाची दोन अंगं मध्ये काड्यापेटी ठेवून पांढऱ्या गमने चिकटवली. त्यावर झूल, शिंगं, कपाळाला बाशिंग. वॉटरकलरने ठिपके दिले. विसाव्या मिनिटाला वर्गात 42 बैल उभे होते आणि माझा आनंद पोटात मावत नव्हता. मग घंटा झाली. बाहेर व्हॅनवाले काका हॉर्न वाजवत होते, पाऊस भुरभुरत होता, आणि एकही बैल वाळलेला नव्हता. मुलांनी ते दप्तरात कोंबले. कुणाचा वहीला चिकटला, कुणाची शिंगं दारातच गळली. एक मुलगी दोन्ही हातांत बैलाची दोन अंगं वेगवेगळी धरून फाटकाजवळ रडत उभी होती. तिची आई मला काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघून गेली. स्कूटीवर मागून लेक म्हणाली, "आई, तू परत नको येऊस वर्गात."

ते वाक्य आजही आठवलं की घशात काहीतरी अडकतं.

म्हणून सगळ्यात आधी हे ऐका. जे वाळावं लागतं, ते वर्गात करायचं नाही. हे मी जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

पांढऱ्या गममध्ये पाणी असतं. ते पाणी थोडं कागदात शिरतं, थोडं हवेत उडतं, तेव्हा गम धरतो. श्रावण अमावस्येला पोळा, म्हणजे भर पावसाळा. नागपूरची हवा तेव्हा इतकी दमट असते, की दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात. ज्या हवेत ओढणी वाळत नाही, त्या हवेत गम कसा वाळेल? त्यात कार्डशीट गुळगुळीत असेल तर पाणी शोषतच नाही, गम वरच्यावर सरकत राहतो. आणि सात वर्षांचं मूल गमचा थेंब लावत नाही, थारोळं करतं. थर जितका जाड, तितका वाळायला उशीर. मी घरी नमुना रात्री केला, पंख्याखाली ठेवला आणि सकाळी उचलला. मधले आठ तास मी मोजलेच नव्हते.

हाच गम दिवाळीत शहाण्यासारखा वागतो. आश्विनाच्या शेवटी आपली हवा कोरडी झालेली असते, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या बघता बघता पक्क्या बसतात. म्हणजे 'मागच्या दिवाळीत तर जमलं होतं' हा आधार पोळ्याला, राखीला किंवा गणपतीला घेऊ नका. नागपूरच्या महाल भागात, मूर्तिकारांच्या चितार ओळीत ऐन पावसाळ्यात गणपतीचं काम चालतं ते एकदा थांबून बघा. मूर्ती वाळल्याशिवाय तिथे कुणी रंगाचा ब्रश लावत नाही. पिढ्यान् पिढ्या हात बसलेली माणसं वाळण्याची वाट बघतात आणि आपण 35 मिनिटांत सगळं उरकायला निघतो.

आता माझी एक कसोटी आहे, दप्तराची. वस्तू पूर्ण झाली की दहा आकडे मोजायचे, ती वह्यांमध्ये घालून दप्तर बंद करायचं आणि दप्तर घेऊन घराला दोन फेऱ्या मारायच्या. मग उघडायचं. वस्तू शाबूत असेल तरच ती वर्गात न्यायची. आणि ती वस्तू तुम्ही करायची नाही. त्याच वयाच्या मुलाकडून करून घ्यायची, आपण हात मागे बांधून बसायचं, घड्याळ लावायचं. 35 मिनिटांतून हजेरी, सामान वाटणं आणि आवराआवर वजा करा. हातात 20 मिनिटं उरतात. घरच्या मुलाला 12 मिनिटांपेक्षा जास्त लागली, तर वर्गात ते काम पुरं होणार नाही हे धरून चाला.

मग जोडायचं कशाने? घडी, खाच, गाठ आणि टेप. या चौघांना वाळावं लागत नाही. आता मी बैल जुन्या लग्नपत्रिकांचा करून घेते. पत्रिका प्रत्येक घरी पडून असतात, कागद जाड असतो, पैसे लागत नाहीत. पत्रिका मधोमध दुमडलेली असतेच. ती घडी म्हणजे बैलाची पाठ. खालून पोटाचा भाग कापला की चार पाय सुटतात आणि बैल तंबूसारखा उभा राहतो. पुढे पाठीवर एक खाच, त्यात शिंगांसकट डोकं अडकवायचं. शेपटीला पंचने भोक पाडून लोकर बांधायची. झूल पाठीवर टाकून पोटाखालून लोकरीनेच आवळायची. शिंगांना बेगड म्हणून चॉकलेटच्या आतली चांदी गुंडाळायची, आणि रंग फक्त खडूचे. यातली खाच तेवढी मी घरून कापून नेते, कारण जाड कागदावर लहान हात घसरतो. बाकी सगळं मुलं करतात. डावखुरी मुलं किती आहेत ते मात्र मॅडमना आधी विचारा. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की पाती फाकतात, कागद कापला जात नाही, नुसता मुडपतो. मूल मात्र समजतं की आपल्यालाच येत नाही.

इथे मला कुणाकडून शिकावं याबद्दल बोलायचंच आहे. मी मोबाइलवरच्या व्हिडिओंकडून शिकले होते आणि ती माझी मोठी चूक होती. त्या व्हिडिओंत वाळण्याचा वेळ कापून टाकलेला असतो. हात दिसतात ते मोठ्या माणसाचे, मूल कुठेच नसतं. मला खरं शिकवलं ते शाळेतल्या मावशींनी. त्या शुक्रवारी सगळे गेल्यावर मी फरशीवरचा गम खरवडत बसले होते. त्या झाडू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाई, पान्यापावसाचं हे काही वाळत नाही. मले इचारलं असतं तं सांगतलं असतं ना." त्यांनी त्या वर्गातले कितीतरी पोळे आणि नाताळ झाडून काढले होते. काय टिकतं, काय केराच्या टोपलीत जातं, हे त्यांच्याइतकं शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून मॅडमना नमुना दाखवायच्या आधी मी तो मावशींना दाखवते. तुमच्याही शाळेत अशा मावशी असतील. त्यांना विचारा.

तयार किटच्या मी ठाम विरोधात आहे. सगळं कापून आलेलं, मुलाने फक्त चिकटवायचं, आणि 42 मुलांच्या हातात एकसारखी 42 फुलं. ती हस्तकला नाही, ते वाटप आहे. 1937 साली आपल्या शेजारच्या वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण हा नई तालीमचा विचार तिथून देशापुढे गेला. त्या वर्ध्याच्या इतक्या जवळ राहून आपण मुलांच्या हातून कापणं, दुमडणं, गाठ मारणं काढून घ्यावं, याचं मला खरंच वाईट वाटतं. बैल वाकडा होऊ द्या. एका शिंगाचा होऊ द्या. ग्लू गनबद्दल तर एकच सांगते, वर्गात नको. तुम्ही स्वतः धरणार असलात तरी नको. वितळलेला गोंद कातडीला चिकटला की झटकून निघत नाही.

आणखी एक गोष्ट सक्तीची समजा. मॅडम वर्गात थांबणारच, हे आधी ठरवून घ्या. 'तुम्ही आहात तर मी तेवढ्यात पेपर तपासून येते' याला नम्रपणे नाही म्हणा. मूल कुणाच्या अंगावर गेलं, कुणाला लागलं, तर जबाबदारी घेणारं शाळेचं माणूस तिथे हवं.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. मुलं फार मोठ्या मनाची असतात. त्या फजितीनंतर दिवाळीत मी भीत भीत आकाशकंदील घ्यायला गेले, तर ती रडलेली मुलगीच पहिल्या बाकावरून ओरडली, "काकू, आज काय करायचं?" तिच्या लेखी बैलाचं प्रकरण केव्हाच मागे पडलं होतं. ते माझ्याच डोक्यात होतं.

लेकीचं मन वळायला जास्त वेळ लागला. दिवाळीचा नमुना मी तिच्याकडून करून घेतला, कुठे अडतं ते तिला विचारलं आणि तिच्या सांगण्यावरून दोन गोष्टी बदलल्या. त्यानंतर तिने स्वतःच विचारलं, "मी वर्गात तुला आई म्हणू की काकू?" मी आईच म्हणायला सांगितलं, पण तिची जागा बदलली नाही आणि तिला मदतनीस केलं नाही. आपलं मूल वर्गात इतर 41 मुलांसारखंच बसलेलं बरं. त्याला जास्त लक्ष दिलं तरी अवघड होतं, मुद्दाम टाळलं तरी लागतं.

सणांची निवड करताना वर्गाकडे नीट बघा. आपल्या नागपुरात एका बाकावर दिवाळी असते आणि शेजारच्या बाकावर दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 चा दिवस ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या जपला, त्या घरांतली मुलं तुमच्या वर्गात आहेत. एका वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी मी पिंपळपानाचे ठसे घेतले. कागदाखाली पान ठेवायचं, वरून खडू आडवा घासायचा, शिरा उमटत जातात. गम नाही, पाणी नाही. एक मुलगा एरवी तोंड उघडत नसे. त्या दिवशी त्याने अख्ख्या वर्गाला सांगितलं की त्याची आजी बोधिवृक्षाची पानं वहीत जपून ठेवते. ईदचं घडीचं कार्ड, नाताळची कागदी चांदणी हेही याच पद्धतीने होतं.

पैसे गोळा करू नका. दहा रुपये मागितले तरी एखाद्या घरी ते जड जातात, आणि ग्रुपवर त्यावरून वाद होतात. जुन्या पत्रिका, लोकरीचे तुकडे, वापरलेल्या वह्यांची कव्हरं मागा, तीही 'असतील तर' म्हणून.

आणि निवड तुमच्या हातात असेल तर पहिली वेळ पोळ्याची घेऊ नका, संक्रांतीची घ्या. जानेवारीत हवा कोरडी असते, परीक्षांची घाई नसते, आणि तिळगुळाची घडीची डबी दुसरीतल्या मुलालाही 10 मिनिटांत जमते. एक चौकोनी कागद, सहा-सात घड्या, झालं. ती चुरगळली तरी परत उघडून घालता येते. डबीत घालायला तिळगूळ न्यायचा असेल तर शाळेला आधी विचारा. काही मुलांना तिळाची ॲलर्जी असते. त्यांच्या डबीसाठी तिळगुळाऐवजी साखरेचा हलवा चालेल का, हे त्यांच्या घरी फोन करून विचारून घ्या, कारण बऱ्याचदा हलव्याच्या दाण्यातही तीळच असतो.